अण्णांच्या भिंतीवरचा राष्ट्राध्यक्ष

कागद गोळा करणाऱ्या माणसाच्या घरात कागदापेक्षा किस्सेच जास्त साठतात. कागदाला निदान कसर लागते, ओल लागते, कामवाली बाई रद्दीत देऊन टाकते. किस्स्याला काहीच होत नाही. उलट दर वेळी सांगताना तो थोडा जाड होतो. माझ्याकडचे आता कपाटात मावेनासे झालेत, तेव्हा बसा, चहा घ्या, थोडे तुम्ही घेऊन जा.

आम्ही पाच जण. बंगळुरात राहतो, मराठी बोलतो आणि अमेरिकेतले जुने कागद जमवतो. का, ते विचारू नका. माझ्या नवऱ्यानं विचारून पाहिलंय. तो आता विचारत नाही.

जुने कागद म्हणजे बुडालेल्या रेल्वे कंपन्यांचे शेअर, औषधांच्या जाहिराती, नाचाच्या कार्यक्रमांची कार्डं, सह्या केलेली सरकारी कागदपत्रं. तिकडच्या लोकांनी माळा साफ करताना जे फेकायला काढलं, ते आम्ही ऑनलाइन लिलावात एकमेकांच्या उरावर बसून घेतो.

मी मूळची नागपूरची, आणि कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या पेट्यांवरची जुनी लेबलं जमवते. पहिलं लेबल आईला दाखवलं, तर तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"संत्री कुठाय?"

"संत्री नाही गं आई, नुसतं लेबल."

"बाप्पा! म्हणजे संत्री त्यांनी खाल्ली अन् कागद तुला पाठवला?"

मी लेबल परत पाकिटात घातलं.

दर रविवारी सकाळी आम्ही राजाजीनगरला अण्णांकडे जमतो. अण्णा आमच्यात सगळ्यात वडील. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी घोड्यावरून इकडे आले, असं ते सांगतात. घोडा कुणाचा होता ते सांगत नाहीत. घरात मराठीच, पण 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प'. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत साहेबांचे पीए म्हणून झाली. बायकोला सगळे अक्का म्हणतात, आम्हीही. अक्का आमच्या मंडळाच्या सभासद नाहीत, पण उप्पीट त्यांचं असतं, म्हणजे मंडळ त्यांचंच.

अण्णांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. आत कातड्यासारख्या जाड कागदावरचा एक जमिनीचा पट्टा. अमेरिकन सरकारनं कुणा शेतकऱ्याला रान दिलं, त्याचा. खाली राष्ट्राध्यक्षांची सही. कुठल्या, ते सांगत नाही. नाव काढलं की आमचा शिरीष तारखा सांगायला लागतो. घरात गॅसवाला येवो, केबलवाला येवो, अण्णा त्याचा हात धरून फ्रेमपाशी नेणार. "बघा. राष्ट्राध्यक्षांची सही." एका प्लंबरला तर नळ तसाच वाहता ठेवून दाखवली होती.

अडचण एकच. ती सही राष्ट्राध्यक्षांची नाही.

हे शिरीषनं काढलं. शिरीष पुण्याचा, आयटीतला, आणि त्याला सगळं माहीत असतं. अण्णांच्या फाटकाबाहेर स्कूटर काढता काढता तो म्हणाला, "सुरुवातीचे राष्ट्राध्यक्ष असे पट्टे स्वतः सही करून द्यायचे. पुढे जमिनी इतक्या वाटल्या की त्यांना ते झेपेना. मग त्यांच्या नावानं सेक्रेटरी सही ठोकायला लागला. कायद्यानंच. अण्णांचा पट्टा त्यानंतरचा आहे."

आम्ही फाटकाबाहेर उभे. आत अण्णा फ्रेमची काच धोतराच्या सोग्यानं पुसताना दिसत होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. पण त्या माणसाची चूक काढायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, खबरदार कुणी बोललात तर! अण्णा आहेत तोवर ती सही राष्ट्राध्यक्षांची. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिरीषनंही डोलावली, पण त्याला त्रास झाला.

*

शिरीष बुडालेल्या कंपन्यांचे शेअर जमवतो. एकदा त्याचं पार्सल कस्टम्सवाल्यांनी अडवलं आणि त्याला बोलावून घेतलं. हा पठ्ठ्या टाय लावून गेला.

अधिकाऱ्यानं पाकीट उघडलं. छान रंगीत छपाई, वर इंजिनाचं चित्र, मधोमध रद्द केल्याची भोकं.

"ही कंपनी कुठाय?"

"बुडाली, सर."

"कधी?"

"आपल्या आजोबांच्या आधी."

"मग शेअर का घेतले?"

"बुडाली म्हणूनच घेतले."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शिरीषनं त्याला या छंदाबद्दल पूर्ण व्याख्यान दिलं. आर्थिक इतिहास, छपाईसाठी खोदकाम केलेल्या प्लेटा, सगळं. अधिकारी ऐकत होता. शेवटी त्यानं उठून केबिनचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"सर, माझ्याकडे पण अशा दोन कंपन्यांचे आहेत. घेता का?"

*

केतकी आमच्यात सगळ्यात लहान. सांगलीची, कोरमंगलात पीजीमध्ये राहते. ती डान्स कार्डं जमवते. म्हणजे काय, तर पूर्वी तिकडे नाचाला जाताना मुलीच्या हातात एक छोटं कार्ड असायचं. पहिला नाच कुणाबरोबर, दुसरा कुणाबरोबर, सगळं पेन्सिलीनं त्यात लिहायचं. दोऱ्यानं चिमुकली पेन्सिल बांधलेली.

पीजीची मालकीण, म्हणजे आंटी, ही कडक बाई. मुलींच्या खोल्या मधूनमधून तपासते. तिला केतकीच्या टेबलावर ते कार्ड सापडलं. एका संध्याकाळचे ओळीनं सगळे नाच, प्रत्येकापुढे वेगळ्या मुलाचं नाव, आणि दोन नावांपुढे फुली!

तिनं थेट सांगलीला फोन लावला. केतकीची आई तिकडे रडायला लागली. केतकी ऑफिसातून धावत आली, तर आंटी कार्ड हातात घेऊन जिन्यात उभी.

"कोण आहेत हे सगळे? आत्ताच्या आत्ता सांग!"

केतकी दमलेली होती. पटकन बोलून गेली, "आंटी, ते सगळे मेले."

आंटीनं कार्डाकडे पाहिलं. मग केतकीकडे पाहिलं.

"सगळे?"

"सगळे."

तेव्हापासून आंटी केतकीशी फार नम्रपणे बोलते. खोली तपासायला येत नाही.

*

आमचे डॉक्टर आनेकलला असतात. गुरांचे डॉक्टर. मूळ नगरकडचे, पण कन्नड अशी बोलतात की गायसुद्धा शंका घेत नाही. ते जुन्या औषधांच्या जाहिराती जमवतात. एक जाहिरात त्यांनी दवाखान्यात लावलीय: एक तरतरीत घोडा, शेजारी मालिश करायच्या तेलाची बाटली. ते तेल बंद पडून कित्येक पिढ्या झाल्या.

एक शेतकरी बैल घेऊन आला. बैलाचा खांदा सुजलेला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. शेतकरी भिंतीकडे बोट करून म्हणाला, "ते द्या."

"ते मिळत नाही."

"मग लावलंय कशाला?"

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. ही जाहिरात आहे, जुनी आहे, अमेरिकेतली आहे. शेतकऱ्यानं सगळं ऐकलं आणि ठरवलं की डॉक्टर चांगलं औषध मोठ्या लोकांच्या जनावरांसाठी राखून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो भाच्याला घेऊन आला. भाच्याला इंग्रजी येत होतं. भाच्यानं जाहिरात मोठ्यानं वाचली, त्यात शेवटी लिहिलेलं होतं की हे तेल माणसालाही चालतं आणि जनावरालाही.

शेतकऱ्याचा चेहरा एकदम मऊ झाला. डॉक्टरांजवळ येऊन म्हणाला, "बैलाचं राहू दे. सासूच्या गुडघ्यापुरतं तरी द्या!"

*

आता अण्णांच्या फ्रेमकडे परत येते, कारण खरा घोर तिचाच होता.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. बंगळुरात आयुधपूजेला जे हाताला लागेल त्याची करतात. बसला केळीचे खांब, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू, लॅपटॉपला गंध. त्या दिवशी आम्ही अण्णांकडे गेलो, तर पाटावर ओळीनं मिक्सर, कात्री, अण्णांचा जुना टाइपरायटर. शेवटी ती फ्रेम! उताणी ठेवलेली, आणि अक्का मागचे खिळे उपसत होत्या.

शिरीष ओरडला, "अक्का, हे काय करताय?"

"काचेला कुंकू लावून आतल्याला कसं पोचणार?" अक्का म्हणाल्या.

"पण हे आयुध कुठाय?"

"त्यांनाच विचार. दर वर्षी तेच काढायला लावतात."

अण्णा सोवळं नेसून शांत बसले होते. म्हणाले, "आयुधच आहे ते. तू स्वल्प बाजूला हो."

अक्कांनी पट्टा बाहेर काढला आणि आम्ही चौघांनी एकाच वेळी पाहिलं. आतापर्यंत सहीच्या खालचा भाग फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली झाकलेला होता. तिथं एक ओळ होती. वर राष्ट्राध्यक्षांचं नाव, आणि खाली त्याच हातानं, त्याच शाईनं लिहिलेलं: 'यांच्या वतीने', मग सेक्रेटरीचं स्वतःचं नाव. अजिबात संशयाला जागा नाही. त्या ओळीशेजारी आधीच्या वर्षांचे कुंकवाचे फिकट ठिपके होते.

"कुठं लावू?" अक्कांनी विचारलं.

"वर नको," अण्णा म्हणाले. "खाली लाव. नेहमीसारखं."

अक्कांनी खालच्या नावाशेजारी बोट टेकवलं. शिरीषनं डोळे मिटून घेतले. जुना कागद हाताळायला त्याच्यापाशी घरी सुती हातमोजे आहेत.

परतताना केतकी म्हणाली, "वरची सही खराब होऊ नये म्हणून खाली लावायला सांगितलं असेल ना?" आम्ही म्हटलं, दुसरं काय! आणि फ्रेमवाल्यानं पुठ्ठा नेमका तेवढाच मोठा कापला, म्हणून त्याचे आभार मानले. देवानं वाचवलं, असं मी म्हणाले. खरंच वाटलं मला तसं.

*

मग तो अमेरिकन आला. केतकीच्या कंपनीचा क्लायंट. बंगळुरात काही मराठी माणसं त्याच्या देशातली रद्दी जमवतात, हे ऐकून त्याला राहवेना. रविवारी अण्णांकडे यायचंच म्हणाला.

आमची धांदल उडाली. हा माणूस फ्रेमपाशी गेला आणि दोन शब्द बोलला की संपलं! ठरलं असं की शिरीषनं फ्रेमला पाठ लावून उभं राहायचं. तो राहिला. उप्पीट उभ्यानं खाल्लं, कॉफी उभ्यानं प्याला. अण्णा दोनदा म्हणाले, "बस की रे!" हा म्हणाला, "पाठ दुखतेय, अण्णा." मग डॉक्टरांनी येऊन त्याची पाठ तपासली. त्यांना आयत्या वेळी बेत आठवला नाही.

पण पाहुण्याचं भिंतीकडे लक्षच नव्हतं. त्याला आमच्या शेअरांत, लेबलांत, कशातच रस दिसेना. तो देवघरापाशी थांबला होता. त्यानं अक्कांकडे अगरबत्तीचं पाकीट मागितलं. अक्कांनी नवीन, भरलेलं दिलं. त्यानं सगळ्या काड्या बाहेर काढून नमस्कार करून अक्कांना परत दिल्या. रिकामं पाकीट दोन्ही हातांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं. मग खिशातून बसची जुनी तिकिटं काढून आम्हाला दाखवली. इथली, शहर बसची. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

अक्का हातातल्या काड्यांकडे बघत म्हणाल्या, "अय्यो! तुम्ही सगळे एकाच गावचे की हो."

*

आता शेवटचा.

अण्णांची लेक अमेरिकेत असते. उन्हाळ्यात ती नात इराला घेऊन आली. इरा दहाएक वर्षांची, अण्णांना अज्जा म्हणते. जाताना तिनं हट्ट धरला. शाळेत इतिहासाचं प्रदर्शन आहे आणि तिला अज्जाची फ्रेम न्यायचीय. इंडियातल्या माझ्या अज्जाकडे तुमच्या राष्ट्राध्यक्षाची सही आहे, हे तिला वर्गात सांगायचं होतं. अण्णांनी लगेच फ्रेम उतरवली.

आम्ही काय काय सांगितलं नाही! मी म्हणाले, काच फुटेल. केतकी म्हणाली, विमानात हवा कोरडी असते. शिरीष म्हणाला, एक्स-रेनं शाई उडते. असं काही होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या आयुष्यातली ती पहिली थाप असावी. डॉक्टर म्हणाले, कातड्याला तिकडे क्वारंटाइन लागतं.

"सरी," अण्णा म्हणाले आणि फ्रेमला जुनी साडी गुंडाळली.

टीव्हीच्या वर एक चौकोनी पांढरी जागा राहिली. रविवारी आम्ही यायचो आणि त्या जागेकडे बघायचं टाळायचो. एवढंसं पोर, भर वर्गात त्याचा अज्जा खोटा पडणार. आणि ते त्याच्याच तोंडून अण्णांना कळणार. तिकडे न्यायच्या आधी आपणच सांगायला हवं होतं का, यावरून आम्ही आपसात भांडलोसुद्धा.

एका रविवारी आम्ही उप्पीट खात असताना व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. पडद्यावर इरा. डोळे सुजलेले.

"अज्जा, शाळेत म्युझियमची बाई आली होती. तिनं फ्रेम उघडली. ती म्हणाली, सही प्रेसिडेंटची नाहीये. सेक्रेटरीची आहे. सगळे हसले. अज्जा, तुम्हाला कुणीतरी फसवलं."

मी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी उप्पिटाकडे.

"फसवलं कशाला?" अण्णा म्हणाले. "सेक्रेटरीचीच आहे. म्हणून तर घेतली."

शिरीष खुर्चीत बसला.

"मग तुम्ही सगळ्यांना प्रेसिडेंटची का सांगता?"

"सही प्रेसिडेंटचीच, पुट्टी. हात त्याचा नाही, एवढंच." अण्णांनी फोन जरा लांब धरला. "तुझा अज्जा काय करत होता ऑफिसात? साहेब दौऱ्यावर. साहेब आजारी. साहेब झोपलेले. कागद थांबतो का? साहेबच म्हणायचे, करून टाक. साहेब बदलत गेले, हात हाच राहिला. रजा, बढत्या, बदल्या, सगळ्या ह्या हातच्या."

"माझ्या भावाची बदलीसुद्धा," अक्का म्हणाल्या.

"सरी, सरी! ते आता कशाला?"

इरानं नाक पुसलं. "पण मग त्याचं खालचं नाव पुठ्ठ्यानं कुणी झाकलं?"

"मीच कापला तो पुठ्ठा. बघ की, काय सुरेख सही केलीय बिचाऱ्यानं! राष्ट्राध्यक्षाची आई फसेल. आणि खाली स्वतःचं नाव लिहायला लावलं त्याला. आमच्या लाइनीत ते दिसू देत नाहीत. त्याची अब्रू राखायला मी झाकलं."

"आणि तो लाल डाग? बाई म्हणाली, डॅमेज आहे."

"डॅमेज नाही ते. वर्षातून एकदा त्याची पूजा होते. राष्ट्राध्यक्षाला कुणीही हार घालतं."

पडद्यावर इरानं पुठ्ठा हातात घेतला. मग म्हणाली, "मी पुठ्ठा परत लावू?"

"लाव. आणि वर्गात सांग, त्यानं त्याचं काम केलं."

फोन बंद झाला. आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. एवढी वर्षं आम्ही ज्या माणसाला जपलं, त्यानं आम्हालाच सांभाळून घेतलं होतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, लाज कशाचीच वाटत नव्हती. शिरीष म्हणाला, "पण अण्णा, मी अख्खी कॉफी उभ्यानं प्यालो!"

"मी बस म्हटलं होतं की," अण्णा म्हणाले.

केतकीनं डोळे पुसले आणि पिशवीतून एक कार्ड काढलं. महागातलं, वर्षानुवर्षं पिवळं न पडणारं. खास सह्यांसाठी ठेवतो आम्ही. ते तिनं अण्णांपुढे ठेवलं, शेजारी पेन ठेवलं.

"अण्णा, आमच्याकडे जगभरच्या सह्या आहेत. तुमची नाही. एक द्या ना."

अण्णा लाजले. अक्कांनी त्यांच्यापुढचं ताट सरकवलं. अण्णांनी चष्मा चढवला, बाही मागे सारली, पेनाचं टोपण काढलं आणि पेपरच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून शाई बघितली. मग कार्ड नीट सरळ करून घेतलं, हात टेकवला, आणि मान वर करून केतकीला विचारलं,

"कुणाची करू?"